दोन फायली, एक पिशवी

मार्गशीर्षातला गुरुवार होता. साल २०२२. सायंकाळची पूजा आटोपून मी नैवेद्याचे ताट झाकून ठेवत होते, तोच धाकटा भाऊ आला. दीड वर्षापासून त्याचे डायलिसिस चालू होते. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. चेहरा काळवंडला होता, पावलांवर सूज होती. त्याला माझे एक मूत्रपिंड द्यायचे, असे मी ठरवले होते, आणि तपासण्यांच्या पहिल्या फेरीत आमचे रक्तगटही जुळले होते. तो आनंदात असायला हवा होता. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि चहाच्या कपाकडे पाहत म्हणाला, "अक्का, सही करायच्या आधी तुला एक सांगायला हवं. मला तेरा वर्षांपासून एचआयव्ही आहे."

मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. तो गेल्यावर मी त्याचा कप उचलला आणि इतर भांड्यांत न ठेवता वेगळा, उकळत्या पाण्याने धुतला. मग तोच कप पुन्हा एकदा धुतला. चौतीस वर्षे शिक्षकी केलेली मी; शाळेत एड्सविषयी जागृतीचे कार्यक्रम घेतले, उष्ट्याने, स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही, हे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले. आणि ज्याला कडेवर घेऊन वाढवले त्या भावाचा कप मी दोनदा धुतला. हे मी सर्वांत आधी लिहिते आहे, कारण पुढे मी जे काही सांगणार आहे ते एखाद्या उदार मनाच्या बाईची कथा म्हणून कोणी वाचू नये.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग आला होता, पण तो आजाराचा नव्हता. तेरा वर्षे मला कळू दिले नाही याचा होता. मधल्या काळात आई गेली, माझ्या मुलीचे लग्न झाले, त्याची धाकटी दहावी झाली. प्रत्येक प्रसंगी तो हसतमुखाने हजर होता आणि दर महिन्याला एकटाच जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्रात रांगेत उभा राहून औषधे आणत होता. माझ्या भावजयीलाही हाच संसर्ग आहे, हेही मला त्याच दिवशी कळले. नवऱ्याला मूत्रपिंड द्यायला ती पुढे का येत नाही, असे मी मनातल्या मनात कितीदा म्हटले होते! 'नवऱ्यापेक्षा स्वतःचा जीव प्यारा,' असे एका नातेवाइकाजवळ बोलूनही गेले होते. ती ते ऐकून गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले आणि सगळे जे विचारतात तेच विचारले, "हे झालं कसं?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "अक्का, माझा रक्तदाब कसा वाढला, हे तू कधी विचारलं नव्हतंस." त्यानंतर तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. या लेखातही त्याचे उत्तर नाही. ते मला ठाऊकही नाही.

नंतर समजले की, त्याने मला आपणहून सांगितले त्यामागे रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयक बाईंचा आग्रह होता. एचआयव्हीबाबतचा कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती इतरांना सांगता येत नाही. त्यामुळे बाई मला काही सांगू शकत नव्हत्या. मात्र त्यांनी भावाला बजावले होते, "ज्या बहिणीच्या शरीरातला अवयव तुम्ही घेणार आहात, तिला अंधारात ठेवून घेऊ नका." कायद्याने ज्या गोष्टीची सक्ती केली नव्हती ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला समजावून सांगितली.

मूत्रपिंडविकार-तज्ज्ञांना भेटायला मी भावाबरोबर पुण्याला गेले. शिक्षिकेच्या सवयीने वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. माझ्यासारखीच्या मनात येतील तेच ते प्रश्न होते, म्हणून त्यांची उत्तरे येथे देते.

पहिला प्रश्न स्वार्थी होता: या शस्त्रक्रियेतून मला संसर्ग होईल का? डॉक्टर म्हणाले, "नाही. आधी तुमचे मूत्रपिंड काढले जाईल, मग ते त्यांच्याकडे जाईल. त्यांच्याकडून तुमच्याकडे काहीच येणार नाही. शस्त्रक्रियेची साधने आणि निर्जंतुकीकरण यांबाबतची जी काळजी प्रत्येक रुग्णासाठी घेतली जाते, तीच येथेही पुरेशी असते." भावाच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली होते आणि ते कित्येक वर्षे तसेच होते. रोज नियमाने औषध घेऊन ज्यांनी विषाणू असा दाबून ठेवला आहे, त्यांच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधांतूनही संसर्ग होत नाही, हे आज पक्के सिद्ध झाले आहे, असेही त्यांनी सांगितले.

दुसरा प्रश्न असा: एचआयव्हीने प्रतिकारशक्ती आधीच कमी होते, प्रत्यारोपणानंतर तर ती मुद्दाम कमी करणारी औषधे देतात. मग आगीत तेल ओतल्यासारखे होणार नाही का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणत होतो आणि अशा रुग्णांना परत पाठवत होतो." १९९६च्या सुमारास अनेक औषधांचे एकत्रित उपचार आले आणि चित्र पालटले. लोक जगू लागले; इतकी वर्षे जगू लागले की, त्यांनाही इतरांसारखे रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार होऊ लागले. आता पाहायचे ते एवढेच, की विषाणू औषधांनी पूर्ण दाबलेला आहे का, सीडी४ या पांढऱ्या पेशींची संख्या दोनशेच्या वर स्थिर आहे का, आणि क्षयासारखा एखादा संसर्ग सध्या अंगात नाही ना. भावाची सीडी४ संख्या चारशेच्या वर होती.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मी चकित झाले. अमेरिकेत १५० एचआयव्हीबाधित रुग्णांवर केलेल्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांना भीती होती संसर्गाची. प्रत्यक्षात एचआयव्ही बळावला नाही, पण नवे मूत्रपिंड शरीराने नाकारण्याचे प्रसंग मात्र अपेक्षेपेक्षा दोन ते तीन पट अधिक आले. म्हणजे आम्ही जिला दुबळी समजत होतो ती प्रतिकारशक्ती परके मूत्रपिंड ओळखून त्याच्यावर चालून जाण्यात मुळीच दुबळी नव्हती. शिवाय एचआयव्हीची काही औषधे आणि प्रत्यारोपणाची औषधे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, त्यामुळे मात्रा साधणे अवघड होते, हेही एक कारण.

तिसरा प्रश्न विचारताना मला लाज वाटली, तरी विचारला: माझे मूत्रपिंड वाया तर जाणार नाही ना? डॉक्टरांनी त्याच अभ्यासाचे आकडे पुढे ठेवले. प्रत्यारोपणानंतर एका वर्षाने सुमारे ९५ टक्के रुग्ण हयात होते आणि तीन वर्षांनी सुमारे ८८ टक्के. मूत्रपिंड टिकण्याचे प्रमाण एका वर्षाने सुमारे ९० टक्के आणि तीन वर्षांनी सुमारे ७४ टक्के होते. हे निकाल सर्व प्रत्यारोपित रुग्णांच्या सरासरीपेक्षा थोडे कमी, पण पासष्ट वर्षांवरील रुग्णांच्या निकालांहून बरे होते. "पासष्टीच्या माणसाला मूत्रपिंड दिले तर ते वाया गेले, असे तुम्ही म्हणाल का?" डॉक्टरांनी विचारले. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. मी वही मिटली.

निघताना त्यांनी केपटाऊनची हकिकत सांगितली. आमच्या पिढीला ग्रूट शूर हे रुग्णालय ठाऊक आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी तेथेच मानवी हृदयाचे जगातील पहिले प्रत्यारोपण केले आणि त्याच्या बातम्या आम्ही लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकल्या. त्याच रुग्णालयात २००८ साली डॉ. एल्मी म्युलर यांनी एक वेगळे पाऊल उचलले. दक्षिण आफ्रिकेत सरकारी डायलिसिसच्या जागा अगदी मोजक्या. ज्यांचे पुढे प्रत्यारोपण होऊ शकेल त्यांनाच त्या मिळत, आणि एचआयव्हीबाधितांना प्रत्यारोपणासाठी योग्य मानले जात नसे. म्हणजे त्यांना दोन्ही दारे बंद. दुसरीकडे, एचआयव्ही असलेल्या मृत दात्यांची निरोगी मूत्रपिंडे टाकून दिली जात होती. डॉ. म्युलर यांनी ही दोन टोके जोडली. बाधित दात्यांची मूत्रपिंडे बाधित रुग्णांना बसवली. पुढे २७ रुग्णांचा अनुभव २०१५ साली प्रसिद्ध झाला: पाच वर्षांनी सुमारे ७४ टक्के रुग्ण हयात होते. ज्यांच्यासाठी डायलिसिसचे यंत्रही नव्हते, अशी ही माणसे होती.

अमेरिकेत १९८८पासून बाधित दात्यांच्या अवयवांवर कायद्याने बंदी होती. ती २०१३ साली उठली, तीही सुरुवातीला केवळ संशोधनापुरती. २०१९च्या मार्च महिन्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नीना मार्टिनेझ या एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणीने एका अनोळखी बाधित रुग्णाला आपले मूत्रपिंड दिले. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तेथे मूत्रपिंड आणि यकृत यांच्यापुरती संशोधनाची अटही काढून टाकण्यात आली. मार्टिनेझ यांची बातमी मी भावजयीला वाचून दाखवली. आपल्याकडे अशी पद्धत नाही, हे तिला डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. ती एवढेच म्हणाली, "वन्सं, मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं." मी तिची क्षमा मागितली. ती मागायला मला दीड वर्ष उशीर झाला होता.

घरात विरोध झाला. यजमान काही बोलले नाहीत, पण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मामाच्या चुकीची शिक्षा तू का भोगायची?" त्याच्या बोलण्यात माझी काळजी होती, हे मी जाणते. मी त्याला म्हटले, "तुझे आजोबा तंबाखू खात. त्यांना तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा आपण त्यांना चूक विचारली होती का?" आपण आजारांची प्रतवारी लावतो, काही आजार सहानुभूतीला पात्र, काही नाहीत. ज्या आजाराविषयी आपण आधी चारित्र्याचा दाखला मागतो, त्याचा रुग्ण घरातसुद्धा चोरासारखा जगतो. मुलाला माझे म्हणणे त्या दिवशी पटले नाही. मी त्याला माझ्या तपासण्यांचे अहवाल पाठवले, धोकाही लपवला नाही. जिवंत दात्याचा शस्त्रक्रियेमुळे मृत्यू होण्याचे प्रमाण अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दहा हजारांत सुमारे तीन इतके आढळले आहे. फार थोडे, पण शून्य नव्हे. शेवटी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तो रजा टाकून रुग्णालयात हजर झाला.

माझ्या तपासण्यांना तीन महिने लागले. मूत्रपिंडांचे स्कॅन, रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन, हृदय, साखर, स्त्रियांच्या कर्करोगाच्या तपासण्या, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. कायद्यानुसार बहीण ही जवळची नातलग ठरते, तरी कागदपत्रे आणि मुलाखत चुकत नाही. दाती स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी, तिची संमती स्वतंत्र आहे ना याची खात्री करावी, असा नियमच आहे. त्यासाठी मला एकटीला आत बोलावून विचारले, "तुमच्यावर कोणी दडपण आणले आहे का? अजून नाही म्हणायचे असेल तर म्हणा. आम्ही त्यांना वैद्यकीय कारण सांगू." आयुष्यात मला कोणी इतक्या सरळपणे 'नाही' म्हणायची मुभा दिली नव्हती. ती मिळाल्यावर माझे 'हो' खरे झाले.

२०२३च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून माझे डावे मूत्रपिंड काढले आणि भावाच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवले. त्याची स्वतःची मूत्रपिंडे जागच्या जागीच ठेवली. पाचव्या दिवशी मी घरी आले. दुखले, जिना चढताना महिनाभर दम लागला, पण सहा आठवड्यांनी मी पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिले. तिकडे भावाला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू झाली, असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या घरात लघवीची बातमी पेढे वाटण्याजोगी ठरेल, असे कधी वाटले नव्हते!

येथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढे जे घडले त्यासाठी तो लिहिते आहे.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये भाऊ एका लग्नासाठी परगावी गेला. तेथे ताप आणि खोकला झाला. जवळच्या दवाखान्यात गेला, पण 'इतर काही आजार, औषधे?' या प्रश्नावर 'काही नाही' म्हणाला. बरोबर पाहुणे होते. त्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले. एरवी चांगलेच औषध ते. पण प्रत्यारोपणानंतर रोज घ्यावयाच्या टॅक्रोलिमसचा निचरा ते रोखते. पाच दिवसांत टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढले, भावाचे हात कापू लागले, आणि क्रिएटिनिन १.३ वरून २.४ वर गेले. त्याला पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले. मूत्रपिंड वाचले, क्रिएटिनिन हळूहळू १.५ वर येऊन स्थिरावले. त्या दवाखान्यातील डॉक्टरांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

रुग्णालयात त्याच्या उशाशी बसले असताना आणखी एक गोष्ट उलगडली. त्याच्याकडे नेहमीच दोन फायली असत. एक एआरटी केंद्राची, कपाटात कपड्यांखाली ठेवलेली. दुसरी रक्तदाबाची, चारचौघांत दाखवता येणारी. एचआयव्हीच्या डॉक्टरांना त्याच्या सांधेदुखीच्या गोळ्या ठाऊक नव्हत्या आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या. त्याच्या औषधांत पूर्वी टेनोफोव्हिर होते. उत्तम औषध, पण काही रुग्णांत ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिन तपासावे लागते. वाढलेला रक्तदाब, वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, टेनोफोव्हिर आणि स्वतः तो विषाणू यांतल्या नेमक्या कशाने मूत्रपिंडे गेली, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण दोन्ही फायली एका टेबलावर आल्या असत्या, तर कोणीतरी वेळेवर हात धरला असता, असे मला राहून राहून वाटते. ज्या लाजेपायी त्याने त्या वेगळ्या ठेवल्या, ती लाज त्याने एकट्याने निर्माण केलेली नव्हती. उकळत्या पाण्याने कप धुणाऱ्या माझ्यासारख्यांचा तिच्यात वाटा होता.

आता त्याच्या दाराजवळच्या खुंटीवर एक कापडी पिशवी असते. तिच्यात दोन्ही फायली असतात. कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी दाताच्या किंवा डोळ्यांच्या, जाताना ती पिशवी बरोबर जाते. पाकिटात एका कार्डावर सर्व औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेल्या आहेत. लोकांसमोर बोलायचे नसेल तर ते कार्ड न बोलता डॉक्टरांपुढे सरकवता येते. खासगीपणा आणि लपवाछपवी यांतला फरक आम्ही असा शिकलो. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना काही सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण डॉक्टरांपासून काही लपवणे त्याला परवडणारे नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी, आम्हांला रुग्णालयातून मिळालेल्या सूचनांपैकी काही येथे नोंदवते. प्रत्यारोपणाच्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ, ठरल्या वेळीच घ्यायच्या. टॅक्रोलिमसची रक्ततपासणी असेल त्या सकाळी आधी रक्त द्यायचे, मग गोळी घ्यायची. पपनस खायचे नाही, कारण त्यानेही टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढू शकते. एचआयव्हीसाठी त्याला आता डोल्युटेग्राव्हिर हे औषध आहे. ते प्रत्यारोपणाच्या औषधांशी भांडत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांनी औषधे बदलली होती. मात्र आम्लपित्ताची औषधे आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्यामुळे ते नीट शोषले जात नाही. म्हणून ते अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे. या औषधाने मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर दिसू शकतो. त्यामुळे आकडा पाहून घाबरायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

एका शेजारणीने मोठ्या मायेने प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेलीचा काढा आणून दिला होता. डॉक्टरांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला; ज्या शक्तीला औषधांनी आवर घालून ठेवले आहे, तिला काढ्याने चेतवायचे नसते. काढा आम्ही तुळशीत ओतला आणि शेजारणीला 'फार कडू होता' म्हणून सांगितले. एवढे असत्य चालते.

माझ्याविषयी थोडेसे. दात्यालाही आयुष्यभर सांभाळावे लागते. दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने मी तपासून घेते. गुडघे दुखले तरी मनाने वेदनाशामक गोळी घेत नाही.

आणि एक गोष्ट कायद्याची. डायलिसिसच्या काळात एका केंद्राने भावाला 'तुमच्यासाठी वेगळे यंत्र नाही' म्हणून परत पाठवले होते. हिपॅटायटिस-बी असेल तर वेगळे यंत्र लागते. एचआयव्हीसाठी नेहमीची काटेकोर खबरदारी पुरते. तेव्हा आम्हांला हे ठाऊक नव्हते. भाऊ मान खाली घालून दुसरीकडे गेला. वर सांगितलेल्या कायद्याने उपचार देताना असा भेदभाव करण्यास मनाई आहे, आणि अशा तक्रारी ऐकण्यासाठी राज्यांनी अधिकारी नेमावयाचा असतो. आपल्या माणसाच्या वतीने असा प्रश्न विचारणे हे सांभाळ करणाऱ्याच्याच कामाचा भाग आहे, हे मला उशिरा कळले.

हा लेख मी भावाला आणि भावजयीला वाचून दाखवला. नावे घालायची नाहीत, एवढी एकच अट त्यांनी घातली. कपाचा प्रसंग वाचताना माझा आवाज अडखळला. भाऊ म्हणाला, "मला माहीत होतं, अक्का. मी दारातच होतो. चप्पल सापडत नव्हती." तीन वर्षे त्याने तेही मनात ठेवले होते.

मग भावजयीने चहा आणला. रात्रीचे आठ वाजत आले होते. त्याच्या मोबाइलचा गजर झाला, तसा तो गोळ्यांची डबी आणायला उठला.